खंदकातलं चिलखत हातानं करताना: पहिल्या महायुद्धातल्या जर्मन चिलखताची प्रतिकृती, पायरीपायरीनं

चिलखत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिवकाळातली कड्यांची बंडी येते, नाहीतर युरोपातला नखशिखान्त लोखंडात बसवलेला सरदार. बंदुका आल्यावर ते सगळं हळूहळू शस्त्रागारात आणि मग संग्रहालयात गेलं. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा साधा पायदळ शिपाई डोक्यावर कापडी नाहीतर चामडी टोपी आणि अंगावर लोकरीचा डगला घालून लढायला उतरला. वर्षाच्या आत फ्रान्स आणि बेल्जियमची भूमी खंदकांनी चिरली गेली. तोफगोळ्यांच्या ठिकऱ्या आणि श्रॅपनेलच्या, म्हणजे हवेत फुटणाऱ्या तोफगोळ्यातल्या, शिशाच्या गोळ्या वरून पडायला लागल्या, आणि मागे टाकलेलं चिलखत पुन्हा कारखान्यात आलं.

आधी डोकं झाकलं गेलं. फ्रान्सचं एड्रियन शिरस्त्राण आणि ब्रिटनचं ब्रॉडी दोन्ही 1915 मधली, जर्मनीचं पोलादी शिरस्त्राण 1916 च्या सुरुवातीचं. मग प्रश्न आला छातीचा. त्याला जर्मनांनी दिलेलं उत्तर या लेखात आपण हातानं बनवणार आहोत: छातीचा एक मोठा पत्रा, त्याला खांद्यावर अडकवायला दोन आकडे, आणि खाली पोटावरून जांघेपर्यंत लोंबणाऱ्या तीन पट्ट्या. शेवंडाची पाठ पाहिली असेल, तर या पट्ट्या कशा हलतात ते लगेच कळेल. जर्मनीत याला ‘इन्फन्ट्री-पान्झर’ किंवा ‘झापेनपान्झर’ म्हणत. वापर 1916 च्या अखेरीपासून, आणि युद्ध संपेपर्यंत अशी काही लाख चिलखतं तयार झाली.

मी हे पहिल्यांदा केलं ते शाळेच्या प्रदर्शनासाठी, पुठ्ठ्याचं. दिसायला छान झालं. पण एका नववीतल्या मुलीनं ते घातलं आणि विचारलं, “सर, हे इतकं हलकं होतं, तर सगळ्यांनी का नाही घातलं?” प्रश्न बरोबर होता आणि माझी प्रतिकृती चूक. चिलखताचा आकार सांगून काहीच सांगितलं जात नाही, वजन सांगितलं की सगळं समजतं. म्हणून दुसऱ्यांदा पत्र्याचं केलं आणि खऱ्या वजनाला आणून ठेवलं. खाली दिली आहे ती ही दुसरी रीत. नाटकासाठी हवं असेल तर वजन काढून ठेवता येतं, प्रदर्शनासाठी पुन्हा भरता येतं.

हेच चिलखत का निवडलं

त्या युद्धात प्रत्येक देशानं काहीतरी करून पाहिलं. ब्रिटनमध्ये डेफिल्ड नावाचं कापडी आवरणात पत्रे शिवलेलं कवच बाजारात मिळायचं, आणि शिपायांचे आईवडील आपल्या मुलासाठी असलं कवच स्वतःच्या पैशानं विकत घेत. केमिको नावाचं दुसरं एक होतं, त्यात पोलाद नव्हतंच: तागाचं, सुताचं, रेशमाचं कापड एकावर एक ठेवून राळेनं घट्ट केलेलं. इटलीत मिलानच्या फारिना यांनी काटेरी तारा कापायला जाणाऱ्या तुकड्यांसाठी शिरस्त्राण आणि छातीचं कवच केलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या डोव्हरचे डॉक्टर गाय ओटिस ब्रूस्टर यांनी 1917 मध्ये डोक्यापासून मांड्यांपर्यंतचं कवच बनवलं आणि ते स्वतः घालून समोरून गोळ्या झाडून घेतल्या. गोळ्या थांबल्या, पण कवचाचं वजन होतं सुमारे 18 किलो.

यातलं जर्मन चिलखत प्रतिकृतीसाठी सर्वांत सोपं. त्यात गोल फुगवटे नाहीत, सगळे पत्रे एकाच दिशेनं वाकतात. पन्हाळी पत्रा वाकवणारा कोणताही कारागीर ते करू शकतो. जोड फार नाहीत, वेल्डिंग लागत नाही. शिवाय याचं काम काय होतं ते स्पष्ट आहे, त्यामुळे घालून पाहिल्यावर खूप शिकायला मिळतं.

काम सुरू करण्याआधी चित्रं नीट पाहा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या शस्त्रविभागाचे प्रमुख बॅशफर्ड डीन हे मूळचे माशांचे अभ्यासक. युद्धात ते अमेरिकी सैन्यात मेजर झाले आणि नव्या चिलखतांचे नमुने तयार करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. संग्रहालयात जुनी चिलखतं दुरुस्त करणारे फ्रेंच कारागीर दान्येल ताशो यांनी त्यांच्यासाठी नमुने ठोकले. म्हणजे पंधराव्या शतकातलं लोखंडकाम ज्या हातांना अवगत होतं, तेच हात विसाव्या शतकातल्या खंदकासाठी राबत होते. मला या साऱ्या कहाणीत ही गोष्ट सर्वांत जवळची वाटते. डीन यांचं ‘हेल्मेट्स अँड बॉडी आर्मर इन मॉडर्न वॉरफेअर’ हे 1920 चं पुस्तक आता स्वामित्वहक्कातून मोकळं आहे. त्यातली छायाचित्रं छापून कामाच्या टेबलासमोर लावा.

आधी हिशेब: सहा कागद

पत्रा आणायला जाण्याआधी अर्धा तास या हिशेबाला द्या. मुलांबरोबर करत असाल तर फळ्यावर करा.

मूळ चिलखताचा पत्रा सुमारे 3.25 मिमी जाड. पोलादाचं वजन घनमीटरला 7,850 किलो धरलं, तर एवढ्या जाडीचा एक चौरस मीटर पत्रा साडेपंचवीस किलोचा होतो. मूळ चिलखत आकाराप्रमाणे 9 ते 11 किलोचं. उलटा भागाकार करा: नऊ किलोला साडेपंचवीसनं भागलं की पोलाद मिळतं सुमारे 0.35 चौरस मीटर. आपल्या रोजच्या वापरातला ए-फोर कागद 0.062 चौरस मीटरचा. म्हणजे सहापेक्षा किंचित कमी कागद.

आता सहा ए-फोर कागद घ्या आणि एका मुलाच्या अंगावर पिनांनी लावून पाहा. छाती, पोट आणि खांद्यावरच्या दोन पट्ट्या एवढ्यातच ते संपतात. पाठ उघडी, हात उघडे, मान उघडी. मोठ्या माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण 1.8 चौरस मीटर, ते सगळं याच पत्र्यानं झाकायचं तर 46 किलो. चिलखत करणाऱ्याला शरीराचा कोणता भाग वाचवायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवावंच लागतं. जर्मनांनी समोरचं धड निवडलं, कारण हे चिलखत घालणारा माणूस एका जागी शत्रूकडे तोंड करून उभा असायचा. पुढचं सगळं काम करताना हे कागद डोळ्यांपुढे असू द्या.

साहित्य

पत्रा 18 गेजचा घ्या, म्हणजे सुमारे 1.2 मिमी. साधा काळा एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पत्रा पुरे. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा टाळा, त्यावर रंग नीट धरत नाही. मूळ जाडीचा 10 गेज पत्राही दुकानात मिळतो, पण तो हातानं वाकत नाही, त्याला मोठं रोलर मशीन लागतं. तीन फूट बाय तीन फूट तुकड्यात सगळे भाग बसतात आणि चुकायला थोडी जागाही उरते.

पट्ट्यांसाठी खाटेची सुती नवार, दीड-दोन इंच रुंद, तीन मीटर. मूळ चिलखताच्याही पट्ट्या विणलेल्या कापडी पट्ट्यांवरच लोंबत, त्यामुळे नवार इथे अगदी चपखल आहे. नायलॉनची चकचकीत पट्टी घेऊ नका. अस्तरासाठी जुनी घोंगडी नाहीतर नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड). रिव्हेट, सपाट वॉशर, रेड ऑक्साईड प्रायमर, करडा-हिरवा मॅट रंग. हत्यारांत पत्रा कापायची कात्री, कानस, ड्रिल, रबरी हातोडा, शिकंजे. चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांचा चष्मा हे दोन्ही हवेतच. कापलेल्या पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी असते.

पुठ्ठ्याच्या नमुन्यासाठी साड्यांच्या खोक्यांचा पातळ पुठ्ठा सर्वांत चांगला. नळीदार जाड पुठ्ठा घडीवर मोडतो आणि वळण खोटं दाखवतो.

नमुना कापणं

पुढची मापं साडेपाच फूट उंचीच्या माणसासाठी मी ठरवलेली आहेत. जर्मनांनी दोन आकार काढले होते. तुम्ही घालणाऱ्याच्या अंगाप्रमाणे बदल करा.

छातीचा पत्रा 46 सेंमी रुंद, 35 सेंमी उंच. त्याची वरची कड गळ्याखालच्या खळग्यापासून तीन बोटं खाली यावी. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत काखेसाठी गोलाकार भाग कापून टाका, साधारण एका हाताच्या पंजाएवढा. इथे घाई करू नका. घालणाऱ्याला दोन्ही हात समोर आणून बंदूक धरल्यासारखं उभं करा, पुठ्ठा जिथे दंडाला टेकतो तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि तेवढं कापा. फार कापलं तर छाती उघडी पडते, कमी कापलं तर हात जुळत नाहीत. मूळ चिलखतातही याच जागेची अडचण राहिली. 1918 च्या सुधारित नमुन्यात उजव्या खांद्याजवळ बंदुकीचा दस्ता टेकवायला आधार बसवला आणि सामान अडकवायला आकडे दिले. मागच्या नमुन्याबद्दल खंदकातून काय ऐकायला आलं असेल, ते या दोन सुधारणाच सांगतात.

पोटावरच्या तीन पट्ट्या: 42, 38 आणि 32 सेंमी रुंद, तिन्ही 14 सेंमी उंच. खालचे कोपरे गोल करा. शेवटच्या पट्टीची खालची कड थोडी जास्त गोल, म्हणजे बसताना मांडीत रुतणार नाही. प्रत्येक पट्टी शेजारच्या भागाखाली 4 सेंमी जाईल असं धरा. एकूण लांबी 65 सेंमी भरते.

खांद्याचे दोन आकडे: 10 सेंमी रुंद, 30 सेंमी लांब. ते खांद्यावरून मागे जाऊन पाठीच्या वरच्या भागावर टेकतात. पाठीवर ना पट्टा, ना बक्कल. चिलखत खांद्यांवर नुसतं टांगलेलं असतं, त्यामुळे ते एका झटक्यात चढवता आणि उतरवता येतं. प्रतिकृतीत सुरक्षेसाठी पाठीमागून एखादा पट्टा बांधावासा वाटेल. तो बांधू नका, कारण मग या चिलखताचा मुद्दाच निघून जातो. त्याऐवजी आकडे नीट वाकवा.

सगळा नमुना पुठ्ठ्यात कापून, दोऱ्यानं बांधून, अंगावर घालून पाहा. खुर्चीवर बसा, वाका, जिना चढा. पुठ्ठ्यावर केलेली दुरुस्ती पाच मिनिटांची, पत्र्यावर तीच दुरुस्ती अख्ख्या दिवसाची.

कापणं आणि कडा

नमुना पत्र्यावर ठेवून टोच्यानं रेघ मारा, पेनानं नको. हातकात्रीनं 18 गेज कापता येतो पण हात दुखतात. जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नमुना दिला तर ते अर्ध्या तासात कापून देतात. मुलांकडून पत्रा कापून घेऊ नका. त्यांना आखणी, भोकांच्या खुणा, रंग आणि अस्तर ही कामं द्या.

भोकं वाकवण्याआधीच पाडा, सपाट पत्र्यावर ड्रिल सरळ बसतं. छातीच्या पत्र्याच्या खालच्या भागात आणि प्रत्येक पट्टीवर, मध्यापासून दोन्ही बाजूंना 11 सेंमीवर रिव्हेटची एकेक जोडी. सगळ्या भागांवर मध्यरेषा आखून तिथूनच मोजा. कडेवरून मोजलं तर पट्ट्यांची रुंदी वेगवेगळी असल्यानं नवार तिरकी जाते आणि पट्ट्या एका बाजूला झुकतात. पहिल्या वेळी माझं नेमकं हेच झालं होतं, सगळे रिव्हेट काढून पुन्हा मारावे लागले.

मग कानस. प्रत्येक कड दोन्ही बाजूंनी घासा, नंतर पॉलिश पेपर. शेवटी कडेवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवा. कुठे अडकला तर तिथे अजून धार आहे. गळ्याजवळची आणि काखेची कड एवढ्यावर सोडू नका, ती बाहेरच्या बाजूला 8-10 मिमी दुमडून ठोकून घ्या. दुमडलेल्या कडेनं पत्र्याला ताठपणाही येतो.

वाकवणं

खरं कसब इथे आहे, आणि सर्वांत जास्त वेळही इथेच द्या.

माणसाची छाती समोरून पाहिली तर सपाट वाटते, वरून पाहिली तर ती मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. दोनशे लिटरच्या पिंपाची गोलाई त्याच्या बरीच जवळ जाते. पाण्याचा स्वच्छ रिकामा पिंप घ्या. रसायन किंवा तेल ठेवलेला नको. पिंप आडवा करून दोन्ही बाजूंना दगड लावा. पत्र्याची मध्यरेषा पिंपाच्या माथ्यावर ठेवा आणि दोघांनी दोन्ही कडा हातमोजे घालून एकदम, सावकाश खाली दाबा. हातोडा मारू नका, त्यानं खड्डे पडतात आणि ते रंगाखालीही दिसतात.

पत्रा सोडला की थोडा परत उघडतो, म्हणून हवं त्यापेक्षा थोडं जास्त वाकवा. घालणाऱ्याच्या छातीवर लावून पाहा, पुन्हा वाकवा. चार-पाच फेऱ्या लागतात. छाती आणि पत्रा यांच्यामध्ये मधोमध दोन बोटं जाईल एवढं अंतर राहिलं पाहिजे. ते अस्तरासाठी आणि श्वासासाठी. पत्रा अंगाला घट्ट चिकटला तर खोल श्वास घेता येत नाही, आणि फटका बसल्यावर तो थेट बरगड्यांवर जातो.

पट्ट्यांना छातीच्या पत्र्याएवढीच गोलाई द्या. एक पट्टी जास्त वाकली तर ती दुसरीच्या आत अडकते आणि वाकताना सगळी रांग आखडते. चारही भाग एकावर एक ठेवून पाहा, भांड्यांच्या दुकानातली ताटं एकात एक बसतात तसे ते बसले पाहिजेत.

खांद्याचे आकडे तीन इंची पाइपावर वाकवा. आकार उलट्या ‘जे’ सारखा, पण टोक पाठीपासून किंचित दूर. टोक आत वळलं तर बसल्यावर खांद्याच्या हाडाखाली टोचतं. आकडे छातीच्या पत्र्याला प्रत्येकी तीन रिव्हेटनी जोडा. दोन पुरत नाहीत, कारण सगळं वजन याच दोन जोडांवर येतं.

पट्ट्या टांगणं

नवारीचे दोन तुकडे घ्या. ते सगळ्या भागांच्या आतल्या बाजूनं वरून खाली जातात आणि प्रत्येक भागाला रिव्हेटनं धरलेले असतात. रिव्हेटच्या आतल्या टोकाला वॉशर घातलाच पाहिजे, नाहीतर महिनाभरात नवार फाटून रिव्हेट निसटतो. भोक पाडताना नवार कापू नका, जाड सुयानं धागे बाजूला सारा.

वरच्या भागाची खालची कड खालच्या पट्टीच्या बाहेरून यावी, अशी मांडणी मी करतो. उभं राहिल्यावर कौलांसारखी रांग दिसते आणि बसल्यावर पट्ट्या आपोआप एकमेकींखाली सरकतात. दोन रिव्हेटांमधली नवार ताणून ठेवू नका, बोटभर ढील द्या. ढील नसेल तर बसताना छातीचा पत्रा हनुवटीवर चढतो.

आवाज

प्रतिकृती करणारे बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे.

अस्तर लावण्याआधी एकदा चिलखत घालून खोलीत चाला. भांड्यांचं कपाट हलवल्यासारखा आवाज येतो. आता हे कोण घालत होतं ते आठवा: पहारेकरी, मशीनगनवाले, आणि शत्रूच्या खंदकाजवळच्या कान देऊन ऐकायच्या चौक्यांवरचे शिपाई. दोन खंदकांमधली जमीन काही ठिकाणी पन्नास मीटरही नव्हती. रात्री पत्र्यावर पत्रा आपटला तर तो आवाज दोन्ही बाजूंना जायचा. म्हणून मूळ चिलखतात प्रत्येक दोन पत्र्यांमध्ये केस भरलेल्या नमद्याच्या गाद्या असत.

घोंगडीच्या 5 सेंमी रुंद पट्ट्या कापा, दुहेरी करून शिवा, आणि प्रत्येक पट्टीच्या वरच्या भागावर बाहेरून चिकटवा, जिथे वरचा पत्रा तिच्यावर येतो. सिंथेटिक रबर चिकटवायचा डिंक चालतो, पण आधी पत्रा पॉलिश पेपरनं खरखरीत करा. छातीच्या आतल्या बाजूला चार गाद्या, दोन वर, दोन खाली. खांद्याच्या आकड्यांच्या आत सर्वांत जाड गादी. पुन्हा चालून पाहा. आता फक्त नवार कुरकुरते. कुठे अजून ठणठण येत असेल तर डोळे मिटून दुसऱ्याला चालायला सांगा, जागा कानानं सापडते.

रंग

पत्रा थिनरनं पुसा, हात न लावता प्रायमर मारा, एक दिवस वाळू द्या. मग मॅट करडा-हिरवा रंग, दोन पातळ हात. जर्मन गणवेशाचाही हाच रंग, चिखलात आणि धुक्यात लपणारा. रंग ब्रशनंच द्या, स्प्रेची गुळगुळीत झाक कारखान्यातून कालच आल्यासारखी वाटते. कडांवर, आकड्यांच्या माथ्यावर आणि पट्ट्या घासतात तिथे पॉलिश पेपरनं रंग थोडा उडवा. गोळीचे खड्डे ठोकून काढायचा मोह होतो. तो टाळा. हे चिलखत कुणाच्या तरी अंगावर होतं, आणि ज्यावर खरे खड्डे आहेत ती संग्रहालयांत आहेत.

आतल्या बाजूला ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि साल पक्क्या रंगानं लिहा किंवा ठोकून काढा. दहा-वीस वर्षांनी ही वस्तू कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या वस्तूंच्या बाजारात नवी वस्तू जुनी म्हणून विकली जाते, तुमच्या हातचं काम त्यात जाऊ नये.

वजन भरणं आणि घालून पाहणं

18 गेजच्या पत्र्यानं, नवारीनं आणि गाद्यांनी मिळून आपलं चिलखत चार किलोच्या आसपास भरतं. खऱ्या वजनाला आणायला अजून साधारण पाच-सहा किलो हवेत. मांजरपाटाच्या एक-एक किलोच्या सहा पिशव्या शिवा, त्यांत चाळलेली कोरडी वाळू भरा. गोधडीसारखे उभे-आडवे टाके घाला म्हणजे वाळू खाली साचत नाही. चार पिशव्या छातीच्या आत, दोन पोटाच्या पट्ट्यांमागे, सगळ्या वेल्क्रोनं. वाळूचा थर जेमतेम सेंटिमीटरभर जाड होतो.

पूर्ण वजनाचं चिलखत अठरा वर्षांखालच्या मुलांना घालायला देऊ नका. त्यांच्यासाठी दोन पिशव्या पुष्कळ. पाठीचा किंवा खांद्याचा त्रास असलेल्यांनी तर नकोच. घालताना दोघांनी धरायचं, आणि घातलेल्या माणसाजवळ सतत कुणीतरी असायचं.

आता चार गोष्टी करून पाहा, याच क्रमानं.

पंधरा मिनिटं भिंतीला टेकून उभे राहा, समोर पाहत. हे जमतं. खांदे दुखतात, पण जमतं. पहाऱ्याचं काम हेच होतं.

मग टेनिसचा चेंडू शक्य तितका लांब फेका, आधी चिलखताशिवाय, मग घालून. अंतर मोजून लिहा. आमच्याकडे प्रत्येकाचं अंतर घटलं, कारण हात मागे नेताना आकडा खांद्याला धरतो. हातबॉम्ब फेकणाऱ्याचं काम यात किती कठीण होत असेल ते कळतं.

मग जमिनीवर पालथे पडून दहा मीटर सरपटा. इथे बहुतेक जण थांबतात. पट्ट्या जमिनीत रुततात, छातीचा पत्रा गळ्याशी येतो.

शेवटी पालथ्या अवस्थेतून मदतीशिवाय उभे राहा. किती सेकंद लागले ते लिहा.

चारही गोष्टींचे अनुभव समोर ठेवले की त्या नववीतल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. ठिकऱ्या आणि लांबून आलेली गोळी हे चिलखत अडवत असे, जवळून झाडलेल्या रायफलच्या गोळीची खात्री नव्हती. खंदकात एका जागी उभ्या असलेल्याला त्याचा उपयोग होता. हल्ला करायला पळणाऱ्याला, सरपटणाऱ्याला, तारांमधून जाणाऱ्याला ते अडथळा होतं. म्हणून ते मोजक्या कामांपुरतंच राहिलं.

एक गोष्ट ठासून सांगतो: आपली प्रतिकृती साध्या लोखंडाची आहे. मूळ चिलखत सिलिकॉन आणि निकेल मिसळलेल्या पोलादाचं होतं. तिच्यावर छऱ्याची बंदूकसुद्धा झाडून पाहायची नाही, अंगावर असताना तर नाहीच.

प्रदर्शनात मांडताना

उभ्या पुतळ्यावर चढवा, पाठ लोकांना दिसेल असा पुतळा थोडा तिरका ठेवा. उघडी पाठ पाहिल्याशिवाय हे चिलखत समजत नाही. बाजूला ते सहा ए-फोर कागद टांगा. आणि एक पिशवी लोकांना हातात उचलून पाहता येईल अशी ठेवा, वर फक्त ‘अशा दहा’ एवढं लिहून.

आपल्याकडच्या प्रदर्शनात मी शेजारी मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा, नकाशाही लावतो. टायग्रिसच्या वळणावरच्या कूत-अल-अमारा इथे 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी सैन्याचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. खंदक खणूनच ते लढले. जर्मन चिलखत खंदकांत दिसू लागलं त्याच्या काही महिने आधी ते उपासमारीनं शरण गेले होते. पाहणाऱ्यांपैकी एखादे आजोबा त्या नकाशापाशी थांबतात आणि आपल्या पणजोबांचं नाव सांगतात. त्यासाठी शेजारी एक कोरी वही आणि पेन ठेवा, नाव, गाव आणि पलटण लिहून घ्या.

प्रदर्शन संपलं की वाळूच्या पिशव्या काढून ठेवा, त्या दमट हवेत ओल धरतात आणि पत्रा आतून गंजतो. पत्र्यावर मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. घोंगडीच्या गाद्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, नाहीतर कसर लागते. चिलखत आकड्यांवर टांगून ठेवू नका, महिनोन्‌महिने टांगलं तर आकडे उघडतात. चारही पत्रे एकात एक दुमडून, वर सुती कापड गुंडाळून, आडवं ठेवा. जूनआधी एकदा उघडून कडा तपासा, गंजाचा ठिपका दिसला तर तिथेच घासून प्रायमर लावा.